डब्यातल्या कॅसेटमधली माणसं

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याचा आपण बायका किती उपयोग करतो, याची यादी करायला बसलं तर एक पुरवणी त्यातच भरेल! साबुदाणा, दोऱ्याची रिळं, सुट्टे पैसे, देवघरातल्या वाती... आणि ज्यांच्या घरात २००० नंतरच्या दहा वर्षांत बारशी, मुंजी, डोहाळजेवणं झाली, त्यांच्याकडे आणखी एक डबा हमखास असतो. त्यात काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या, छोट्या छोट्या कॅसेट असतात. काहींवर बॉलपेनने लिहिलेलं असतं, 'बारसं', 'गाणगापूर ट्रिप', 'अण्णांची साठी'. काहींवर काहीच नसतं. घर आवरताना दर दिवाळीला तो डबा हातात येतो, आपण क्षणभर थांबतो आणि "बघू नंतर" म्हणून पुन्हा माळ्यावर ठेवून देतो.

मैत्रिणींनो, आज त्या डब्याविषयीच बोलायचं आहे. कारण ते 'नंतर' आता फार लांबवण्यात अर्थ राहिलेला नाही.

तो कॅमेरा आठवतो का?

आमच्या अक्कलकोटमध्ये तेव्हा दर दोन-तीन गल्ल्यांमागे एखादा मुलगा पुण्याला नाहीतर मस्कत-दुबईला नोकरीला गेलेला असायचा. सुट्टीत येताना तो बॅगेतून एक वस्तू काढायचा आणि सगळी गल्ली गोळा व्हायची. हँडीकॅम! खरं म्हणजे हे एका कंपनीने आपल्या कॅमेऱ्याला दिलेलं नाव. पण जसा प्रत्येक वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणतो, तसा प्रत्येक कंपनीचा असला कॅमेरा आपल्यासाठी हँडीकॅमच. आमच्या घरात तो २००४ साली धाकट्या भाऊजींनी मस्कतहून आणला. पुढच्या सहा वर्षांत त्यावर तेवीस कॅसेट भरल्या. त्यानंतर मोबाईल आले आणि कॅमेरा त्याच्या काळ्या बॅगेत जाऊन बसला.

त्यातल्या कॅसेटला मिनी-डीव्ही म्हणतात. हा प्रकार १९९५ मध्ये बाजारात आला. एका कॅसेटमध्ये साधारण एक तासाचं चित्रण मावतं, वेग कमी ठेवला तर दीड तासाचं. आधीच्या मोठ्या व्हीएचएस कॅसेटपेक्षा यातला फरक असा, की फितीवर चित्र आकड्यांच्या रूपात साठवलेलं असतं. म्हणजे कॉम्प्युटरवर नीट उतरवलं तर जसंच्या तसं उतरतं, रंग फिका पडत नाही.

मग घाई कसली? घाई दोन कारणांनी आहे. एक म्हणजे फीत. ती चुंबकीय असते. ऊन, दमट हवा आणि धूळ हे तिचे तीन शत्रू. आपल्या सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि आपण कॅसेट ठेवतो ती नेमकी पत्र्याखालच्या माळ्यावर! दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. फीत टिकली तरी ती वाजवणारं यंत्र टिकायला हवं. असे कॅमेरे बनणं कधीच थांबलं. व्हीएचएसचे व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी जपानी कंपनीसुद्धा २०१६ मध्ये थांबली. पाटा आहे पण वरवंटा नाही, अशी गत व्हायला वेळ लागत नाही.

पहिलं काम, कॅमेरा जागा करणं

आमचा कॅमेरा दहा-बारा वर्षांनी बाहेर काढला तेव्हा त्याची बॅटरी मेलेली होती. ती मरतेच, त्यात नवल नाही. पण या कॅमेऱ्यांबरोबर चार्जरची वायर येते, ती थेट लावली तर बॅटरीशिवायही कॅमेरा चालतो. म्हणून त्या काळ्या बॅगेतली एकही वायर टाकून देऊ नका. आपल्या दृष्टीने तो गुंता असतो, पण त्यातच सगळी गंमत असते.

आमच्या कॅमेऱ्याचा कॅसेटचा कप्पा उघडेना. सोलापूरला जुन्या कॅमेऱ्यांची दुरुस्ती करणारे एक गृहस्थ सापडले. त्यांनी तो साफ करून दिला आणि वर एक सल्ला दिला. "ताई, आधी बिनमहत्त्वाची कॅसेट घाला. मशीनने फीत खाल्ली तर तीच खाऊ दे, बारशाची नको." अनुभवी माणसाचं बोलणं असं असतं!

आणखी तीन गोष्टी करायच्या. कॅसेटच्या कडेला एक इवलीशी सरकपट्टी असते. ती 'सेव्ह'कडे सरकवून ठेवायची, म्हणजे चुकून त्यावर नवीन काही भरलं जात नाही. दुसरं, वर्षानुवर्षं पडून राहिलेली कॅसेट लगेच चालू करायची नाही. आधी एकदा शेवटपर्यंत पळवायची, मग पुन्हा मागे आणायची. फितीचा सैलपणा जातो. तिसरं, चित्रात चौकोनी ठिपके उडायला लागले तर लगेच जीव टाकू नका. पुष्कळदा कॅमेऱ्याच्या आतलं वाचणारं चाक मळलेलं असतं. त्यासाठी साफ करायची खास कॅसेट मिळते. काही सेकंद चालवली की चित्र सुधारतं. मात्र तीही सारखी सारखी घालायची नाही, ती खरवडते. आणि कॅसेटवर पांढरट बुरशी दिसली तर ती घरच्या कॅमेऱ्यात घालूच नका, ती जाणकाराकडे द्या.

दूध उतू जात नाही, पण वेळ लागतो

आता कॉम्प्युटर. इथे पुष्कळ जणींची फसगत होते. कॅमेऱ्याला यूएसबीची वायर असते. ती लावावी, तर कॉम्प्युटरवर चार-दोन फोटो तेवढे दिसतात, व्हिडीओचा पत्ताच नाही! मग आपण म्हणतो, कॅसेट गेली. कॅसेट गेलेली नसते. बहुतेक मिनी-डीव्ही कॅमेऱ्यांत यूएसबीची वाट फोटोंसाठी ठेवलेली. चित्रणाची वाट वेगळी. कॅमेऱ्यावर 'डीव्ही' लिहिलेलं एक छोटं भोक असतं, तिथून ती निघते. तिला फायरवायर म्हणतात, एका कंपनीने तिचंच नाव आय-लिंक ठेवलं होतं. आत्याबाई एकच, कोणी माई म्हणतं, कोणी अक्का, तसं.

अडचण अशी, की हल्लीच्या लॅपटॉपला हे भोक नसतं. ॲपलने तर २०२५ च्या आपल्या नव्या मॅक प्रणालीतून फायरवायरची सोयच काढून टाकली. पण टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये फायरवायरचं कार्ड बसवता येतं. आमच्या भाच्याने त्याच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये ते बसवलं. नव्या विंडोजमध्ये त्यासाठी कधी कधी जुना ड्रायव्हर घालावा लागतो. ते काम कॉलेजातल्या मुलाकडून करून घ्यावं, त्यात कमीपणा नाही. कॅमेरा बंद ठेवून वायर जोडायची, मग कॅमेरा 'प्ले'वर टाकायचा. विनडीव्ही नावाचं छोटंसं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात बटण दाबलं की कॅसेट चालू होते आणि तिकडे उतरायला लागते.

कार्डाची सोय झालीच नाही तर दुसरा मार्ग आहे. टीव्हीला लावायची पिवळी-लाल-पांढरी वायर आणि एक छोटं कॅप्चर यंत्र, जे यूएसबीला लागतं. चित्र थोडं मऊ येतं, पण अजिबात नसण्यापेक्षा केव्हाही बरं. फक्त त्यात 'पाल' हा पर्याय निवडायचा, आपल्याकडचे कॅमेरे सहसा त्याच पद्धतीचे असतात. व्हीएचएस किंवा हाय-एट कॅसेटसाठीसुद्धा हाच मार्ग.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते. एक तासाची कॅसेट उतरायला एक तासच लागतो. पेनड्राइव्हसारखं दोन मिनिटांत 'कॉपी' होत नाही. मला सुरुवातीला कंटाळा येईलसं वाटलं होतं. मग मी रोज दुपारी जेवणं आटोपली, ओटा आवरला, की एक कॅसेट लावायची, असा नेमच केला. दूध तापवताना जसं तिथेच उभं राहावं लागतं, तसं इथे नाही. शेंगा सोला, भाजी निवडा, फक्त कान तिकडे ठेवा. तेवीस कॅसेट, तेवीस दुपारी.

जागाही भरपूर लागते. एका तासाच्या चित्रणाला साधारण तेरा जीबी. तेवीस कॅसेटचे झाले तीनशेच्या आसपास. २००४ साली घरगुती कॉम्प्युटरची सगळी हार्ड डिस्कच चाळीस नाहीतर ऐंशी जीबीची असायची. म्हणजे तीन कॅसेट घातल्या की चाळीसवाली भरली. तेव्हा हे काम सगळ्यांनी का पुढे ढकललं ते आता कळतं. आज एक टीबीची डिस्क हातात मावते आणि त्यात सत्तर कॅसेट बसतात.

ज्यांच्या कॅमेऱ्यात कॅसेटऐवजी छोट्या डीव्हीडी होत्या, त्यांनी एक करायचं. त्या चकत्या कॅमेऱ्यातच 'फायनलाइज' कराव्या लागतात, तरच दुसरीकडे वाचल्या जातात. आणि त्या ट्रे बाहेर येणाऱ्या ड्राइव्हमध्येच ठेवायच्या. नुसत्या फटीतून आत जाणाऱ्या ड्राइव्हमध्ये घातल्या तर अडकून बसतात. हार्ड डिस्कवाल्या कॅमेऱ्यांतलं सगळं फोल्डर जसंच्या तसं उतरवायचं, त्यातल्या अनोळखी फाइली निरुपयोगी समजून काढून टाकायच्या नाहीत.

त्या तेवीस दुपारी

मी हे काम सुरू केलं ते सोय म्हणून. पण कॅसेट चालू असताना कान तिकडे असतात ना, तिथे खरी गोष्ट घडते.

चित्रं म्हणाल तर साधीच. कॅमेरा सारखा हलतोय. भारनियमनाच्या काळातली एक रात्र आहे, लाइट गेलेत आणि भाऊजींनी अंधारात दिसायचं बटण दाबलंय, तर सगळं घर हिरवंगार! सासूबाई हिरव्या, देव हिरवे. राजवाड्यासमोरचा रस्ता आहे, किती मोकळा होता तो. वटवृक्ष मंदिराच्या बाहेरची गर्दी आहे. बोलणं निम्मं मराठीत, निम्मं कानडीत, आपल्याकडे असतं तसं. एका वाक्याची सुरुवात एका भाषेत आणि शेवट दुसरीत.

आणि आवाज! माणूस गेलं की फोटो राहतो, पण आवाज विसरायला होतो. हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना मी काय सांगणार? आमच्या आत्याबाई म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. लहान वयात विधवा झाल्या आणि उभा जन्म आमच्याच घरात गेला. २००६ च्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची कॅसेट लावली. पाऊण तासाच्या कार्यक्रमात त्या एकदाही दिसत नाहीत. दिसणार कशा? त्या काळी आमच्याकडे त्या दिवशी त्यांना बाहेर बोलावायचा रिवाज नव्हता. पण आतून त्यांचा आवाज सतत येतो. "वाणाच्या वाट्या मोज गं", "तिळगूळ कमी पडंल, दुसरा डबा काढ", "कोपऱ्यातल्या बाईला कुंकू लावलं का?" सगळा कार्यक्रम त्या चालवतायत आणि चित्रात त्यांची सावलीसुद्धा नाही.

त्या २०११ मध्ये गेल्या. त्यांचा फोटो आमच्याकडे एकच आहे, रेशन कार्डासाठी काढलेला. म्हणून मी एक केलं. सॉफ्टवेअरमध्ये त्या जागा शोधून आतला आवाज वाढवला, बाहेरच्या गलक्याचा कमी केला. आणि खाली एक ओळ घातली, 'आवाज : आत्याबाई'. एवढंच. पण आता नातवंडं विचारतात, "या कोण?" आणि सांगावं लागतं.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक! ओवी म्हणणाऱ्या बाईचं नाव, गाव नोंदवलं. घरातल्या बाईचं बोलणं जपण्यासारखं असतं, हे त्यांना उमगलं होतं. आपल्या घरातल्या कॅसेटमध्ये तेच असतं, फक्त ते कोणी मुद्दाम गोळा केलेलं नसतं. बारशाच्या कॅसेटमध्ये पाळणा असतो, मुंजीच्या कॅसेटमध्ये घाणा भरताना म्हटलेलं गाणं असतं. म्हणणाऱ्या बहुतेक जणी आता नसतात.

कात्री कुणाच्या हातात?

उतरवून झालं की एडिटिंग. हा शब्द ऐकून घाबरू नका. आपण भाजी निवडतो तेच हे काम आहे. देठ काढायचे, किडकी पानं बाजूला करायची आणि राहिलेलं नीट लावायचं.

तसं पाहिलं तर आपल्याकडे सिनेमाची सुरुवातच घरातून झाली. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी १८९५ मध्ये जी पहिली चित्रणं केली, त्यातलं एक होतं आई-वडील आपल्या बाळाला भरवतायत, हे! आपल्याकडे सावेदादा भाटवडेकरांनी १९०१ मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांच्या स्वागताचं चित्रण केलं. मुलगा परदेशातून शिकून आला आणि कोणीतरी कॅमेरा घेऊन उभं राहिलं. गोष्ट आपल्या घरातलीच नाही का? आणि १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई काय करत होत्या? दागिने गहाण ठेवू दिले, कामावरच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक केला आणि शिवाय अंधारात बसून फिल्मच्या कडेला भोकं पाडली, ती धुण्याच्या कामात हात दिला. पडद्यावर तारामती मात्र एक पुरुष झाला होता. आमच्या आत्याबाईंसारखंच म्हणा ना, सगळं केलं आतून आणि चित्रात दुसरंच कोणी!

तर साधन म्हणून आज शॉटकट, ओपनशॉट अशी फुकट सॉफ्टवेअर मिळतात. पूर्वी विंडोजबरोबर मूव्ही मेकर यायचं, २००० साली आलेलं. ते कंपनीने २०१७ मध्ये बंद केलं. त्याच्यात पानं उलटायची, चित्र बदामाच्या आकारात यायचं. लग्नाच्या कॅसेटमध्ये तर नवरा-नवरी कमळातून उगवायचे! तो हौशीचा काळ होता. पण माझं ऐकाल तर घरगुती चित्रणात असलं काही घालू नका. एक प्रसंग संपला, दुसरा सुरू झाला, एवढं पुरे.

दोन तांत्रिक गोष्टी मात्र बघायच्या. जुन्या चित्रणात कोणी पटकन हललं की कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसतात. त्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीमुळे येतात. सॉफ्टवेअरमध्ये 'डीइंटरलेस' नावाचा पर्याय असतो, तो लावला की जातात. आणि जुनं चित्र चौकोनाकडे झुकणारं असतं. ते नव्या टीव्हीभर ताणायचं नाही. दोन्ही बाजूला काळी पट्टी राहिली तर राहू दे. नाहीतर सगळ्या नातेवाइकांची वजनं वीस-वीस किलोंनी वाढतात आणि मग काही जणी बोलायच्या बंद होतात!

पण खरी अडचण सॉफ्टवेअरची नसते. खरी अडचण माणसांची असते.

गेल्या वर्षी सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. सगळे जमणार म्हणून मी या कॅसेटमधून वीस मिनिटांची फिल्म करायला घेतली. वन्संचा फोन आला. "वहिनी, फिल्म छान कर. पण 'ती' नको हं त्यात. कापून टाक."

'ती' म्हणजे माझी धाकटी जाऊ. भाऊजींची पहिली बायको. २००९ मध्ये दोघं वेगळे झाले. कोणाचं चुकलं, हे मी इथे लिहिणार नाही, ते आता कोणाला कळूनही उपयोग नाही. ती चार वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी गेली. भाऊजींनी पुढे दुसरं लग्न केलं. आमच्या घरात तिचं नाव घेतलं जात नाही, इतकंच.

आणि त्याच महिन्यात त्या मुलीचा मला मेसेज आला. ती आता पुण्यात असते. "काकू, तुम्ही जुन्या कॅसेट उतरवताय असं ऐकलं. माझ्या बारशाचं काही आहे का? आईकडे एकही फोटो नाहीये."

मी ती कॅसेट पुन्हा लावली. २००५ चं बारसं. चौकटीत जिकडे बघावं तिकडे जाऊबाई आहे. बाळ तिच्या मांडीवर आहे. कुंची बांधताना तिचेच हात आहेत. पाळण्यात घालताना पदर तिचाच मध्ये येतो. तिला कापायचं म्हटलं तर बाळही कापावं लागतं. आईला वगळून बारसं दाखवायचं कसं? मग फक्त रिकामा पाळणा आणि मिठाईची ताटं उरतात.

सॉफ्टवेअरमध्ये 'कट' म्हणायला एक बटण दाबावं लागतं. त्यामुळे आपल्याला वाटतं की काढून टाकलं म्हणजे झालंच नाही. पण जे झालं ते झालेलंच असतं ना? तिने या घरात पाच वर्षं भाकऱ्या थापल्या, सासूबाईंचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात रात्री काढल्या. ते मी पाहिलंय.

मी सासूबाईंनाच विचारलं. घरात सांगून केलेलं बरं. त्या पलंगावर बसल्या होत्या, लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला. त्यांनी सगळं बारसं बघितलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पोरगी कशी धरलीया बघ. अंगावरचं दूध होतं तिला." आणि मग, "राहू दे. कुणाचं काय म्हणणं आसंल तर मला सांगा म्हणावं."

फिल्ममध्ये बारशाची दोन मिनिटं राहिली. त्या दिवशी हॉलमध्ये ती आली तेव्हा थोडी कुजबुज झाली, नाही असं नाही. वन्सं उठून पाणी प्यायला गेल्या. भाऊजी मान खाली घालून बसले, पण उठले नाहीत. त्यांची आत्ताची बायको, माझी आताची जाऊ, शेजारी बसली होती. ती हळूच म्हणाली, "किती गोड होती हो बाळ." आणि विषय तिथेच राहिला. वन्सं महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होत्या. ते मी समजू शकते, भावाचं दुःख त्यांनी जवळून पाहिलंय.

मुलीला मात्र मी फिल्म पाठवली नाही. तिला बारशाची सगळी कॅसेट पाठवली, न कापलेली, एक तास पूर्ण. तिच्या आयुष्यातलं काय ठेवायचं नि काय नाही, ते ठरवणारी मी कोण?

यावरून मी एक नियम केलाय, तो तुम्हालाही सांगते. मूळ चित्रणाला कात्री लावायचीच नाही. ते जसं उतरलं तसं एका ठिकाणी ठेवून द्यायचं आणि काटछाट करायची ती त्याच्या प्रतीवर. आज जो माणूस नकोसा वाटतो, त्याच्याविषयी आणखी वीस वर्षांनी कोणीतरी विचारत येईल. तेव्हा उत्तर द्यायला काहीतरी असलं पाहिजे.

एका टोपलीत सगळी अंडी नकोत

शेवटचं काम साठवण्याचं. २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि कितीतरी जुन्या चित्रपटांची रिळं जळून गेली. जिथे जपायची व्यवस्था होती, तिथेही हे झालं. मग आपल्या घरातल्या एका डिस्कचा काय भरवसा? ती हातातून पडली तरी संपलं. म्हणून तीन प्रती कराव्यात. दोन वेगवेगळ्या डिस्कवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी, म्हणजे माहेरी नाहीतर मुलीकडे. तिसरी जमलं तर इंटरनेटवरच्या साठ्यात. दर दोन-तीन वर्षांनी डिस्क लावून बघायची, चालते ना. पापड-लोणच्याला ऊन दाखवतो, तसं.

आणि कॅसेट? त्या टाकायच्या नाहीत. मागे आणून, उभ्या ठेवून, कोरड्या आणि थंड जागी. माळ्यावर नको, कपाटात खालच्या कप्प्यात.

हे जवळ कापून ठेवा

- कॅसेटवर आधी नाव, वर्ष लिहा. आठवत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. मिनी-डीव्हीत तारीख आतच नोंदलेली असते, पण कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं नसेल तर ती चुकीची निघते.
- जी माणसं आता नाहीत, त्यांच्या कॅसेट आधी उतरवा.
- बाहेर उतरवायला दिलंत तर दुकानदाराकडून मूळ कॅसेट मोजून परत घ्या आणि नुसती डीव्हीडी न घेता मूळ फाइलही मागा. डीव्हीडीत चित्र दाबून बसवलेलं असतं.
- पेनड्राइव्हवर चार जीबीपेक्षा मोठी फाइल जात नसेल तर पेनड्राइव्ह बिघडलेला नाही. तो रिकामा करून 'एक्सफॅट' पद्धतीने फॉरमॅट करा.
- व्हॉट्सॲपवर व्हिडीओ म्हणून पाठवलं की चित्र बारीक होतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, दोन जीबीपर्यंत जातं.
- सिनेमातली गाणी मागे लावू नका. यूट्यूबवर टाकलं तर ती ओळखली जातात आणि आवाज बंद होऊ शकतो. शिवाय गाण्याखाली आपल्याच माणसांचं बोलणं दबतं.
- घरातला व्हिडीओ सगळ्या गावाला दिसेल असा टाकण्याआधी त्यातल्या बायकांना विचारा. बाळंतिणीच्या खोलीत कॅमेरा फिरला होता तो घरातल्यांसाठी.

आता कोणी म्हणेल, हे सगळं करायला वेळ कुठून आणायचा? खरं आहे. पण आपण बायका वाळवणाला वेळ काढतोच की. चार दिवस ऊन असतं, तेवढ्यात कुरडया-पापड उरकावे लागतात, नाहीतर वर्षभर तोंड बघत बसावं लागतं. हे कॅमेरे अजून कुठे कुठे चालतायत, दुरुस्त करणारी माणसं अजून सोलापूरसारख्या गावात आहेत, 'हा आवाज कुणाचा' हे सांगणारी माणसं अजून पलंगावर बसून आहेत. ऊन आहे तोवर घालून घ्या.

आणि हो, सगळं उतरवून झालं की एक करा. कॅमेऱ्यामागे कोण होतं, तेही कुठेतरी लिहून ठेवा. आमच्या तेवीस कॅसेटमध्ये भाऊजी स्वतः फक्त एकदा दिसतात, आरशात.